नाताळात मुलांना सांताक्लॉजची भेट कुठे घडवावी? नागपूरकर पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर जवळ आला की सदर आणि सीताबर्डीच्या दुकानांबाहेर लाल टोप्या लटकू लागतात आणि घरोघरी मुलांची फर्माईश सुरू होते. सहलीचा विचार करणाऱ्या पालकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. व्हिसाचे नियम, विमानांची वेळापत्रके आणि कार्यक्रमांच्या तारखा बदलत असल्यामुळे आरक्षणापूर्वी त्या त्या अधिकृत ठिकाणी खात्री करून घ्यावी.

शाळेला सुट्टी लागल्यावर, म्हणजे २५ डिसेंबरला निघालो तर चालेल का?

बहुतेक ठिकाणी चालणार नाही, आणि सहलीचे घोडे नेमके येथेच अडते. आपल्याकडे नाताळ म्हणजे सुट्टीची सुरुवात, तर युरोप-अमेरिकेत सांताच्या हंगामाचा तो शेवट असतो. तिकडच्या मॉलमध्ये आणि उद्यानांत नोव्हेंबरच्या मध्यापासून बसणारा सांता २४ डिसेंबरच्या संध्याकाळी उठतो, कारण त्या रात्री तो भेटी वाटायला जातो, अशी मुलांची समजूत असते. जर्मनीतील नाताळबाजारांपैकी बरेचसे २३ किंवा २४ तारखेलाच आवरतात. नेदरलँड्समध्ये तर सिंटरक्लास, म्हणजे तेथील सांता, नोव्हेंबरच्या मध्याला वाजतगाजत येतो, ५ डिसेंबरच्या संध्याकाळी भेटी देतो आणि निघून जातो. नाताळात तेथे पोहोचलेल्या कुटुंबाला त्याचे दर्शन घडत नाही. पॅरिसच्या डिस्नेलँडमधील रोषणाई जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत राहते, परंतु सांताची भेट साधारणपणे नाताळापर्यंतच मिळते.

नागपुरातील अनेक सीबीएसई आणि कॉन्व्हेंट शाळांची सुट्टी २४ किंवा २५ तारखेच्या आसपास सुरू होते आणि राज्य मंडळाच्या कित्येक शाळांना तर केवळ नाताळाच्या दिवसाची सुट्टी असते. त्यामुळे पालकांपुढे दोनच मार्ग उरतात: शाळेतून आधीच्या आठवड्याची रजा घेऊन १८ ते २४ डिसेंबरच्या दरम्यान जाणे, किंवा २५ तारखेनंतरही सांता जेथे भेटतो अशी जागा निवडणे. आमच्या मते प्राथमिक शाळेतील मुलांसाठी पहिला मार्ग चांगला आहे. चार दिवसांच्या बुडालेल्या शाळेचे वर्गपाठ भरून काढता येतात.

२५ डिसेंबरनंतरही सांता कोठे भेटतो?

फिनलंडमधील रोव्हानिएमी येथे तो वर्षभर भेटतो. भारतात त्रिशूरची मिरवणूक साधारणपणे २७ डिसेंबरला निघते आणि कोलकात्याची रोषणाई नववर्षापर्यंत टिकते. या तिन्हींविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

आइसलँडची परंपरा या बाबतीत फारच गमतीची आहे. तेथे एक सांता नसून ‘यूल लॅड्स’ म्हणून ओळखले जाणारे तेरा खोडकर भाऊ आहेत. कोणी चमचे चाटतो, कोणी रात्री दारे आपटतो, कोणी सॉसेज पळवतो. त्यांची आई ग्रीला ही राक्षसीण आहे. १२ डिसेंबरपासून ते रोज एकेक करून डोंगरातून खाली येतात, मुलांनी खिडकीत ठेवलेल्या बुटांत खाऊ टाकतात, व्रात्य मुलांना बटाटा देतात आणि २५ तारखेपासून रोज एकेक करून ६ जानेवारीपर्यंत परत जातात. उत्तरेकडील मिवात्न सरोवराजवळचा दिम्मूबोर्गिर हा लाव्हाच्या सुळक्यांचा प्रदेश त्यांचे घर मानला जातो. तेथील भेटीच्या वेळा मात्र आधी पाहून घ्याव्यात.

स्पेनमध्ये ५ जानेवारीच्या संध्याकाळी, बाळ येशूला भेटी घेऊन आलेल्या तीन राजांच्या मिरवणुका निघतात आणि रथांवरून मुलांवर गोळ्या-चॉकलेटांचा वर्षाव होतो. त्यात सांता नसतो, पण सहा-सात वर्षांच्या मुलाची त्याबद्दल तक्रार असेल असे वाटत नाही.

सांताचे ‘खरे’ गाव कोणते?

यावर अनेक देशांचा दावा आहे. फिनलंडमधील समजुतीनुसार तो रशियाच्या सीमेवरील कोर्वातुंतुरी या डोंगरात राहतो; १९२७ मध्ये तेथील आकाशवाणीवरील मुलांच्या कार्यक्रमात हा पत्ता सांगितला गेला आणि तो रूढ झाला. कोर्वातुंतुरी अगदी दुर्गम असल्यामुळे पाहुण्यांना भेटण्याचे त्याचे ठिकाण म्हणून रोव्हानिएमी पुढे आले. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने हे गाव जवळजवळ पूर्ण जाळून टाकले होते. वास्तुविशारद आल्व्हार आल्टो यांनी रेनडिअरच्या शिंगांच्या आकारात त्याची नवी आखणी केली. १९५० मध्ये अमेरिकेच्या दिवंगत राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट तेथे येणार म्हणून आर्क्टिक वृत्ताजवळ घाईघाईने एक लाकडी झोपडी बांधण्यात आली आणि त्याच परिसरात १९८५ मध्ये सांताचे कार्यालय उघडले.

अमेरिकेत इंडियाना राज्यात सांताक्लॉज नावाचेच गाव आहे, तर अलास्कामध्ये फेअरबँक्सजवळ नॉर्थ पोल नावाचे गाव असून तेथील सांताक्लॉज हाउस हे दुकान १९५२ पासून चालू आहे. अमेरिकेत नातेवाईक असतील तर ही नावे लक्षात ठेवावीत. केवळ त्यांच्यासाठी नागपूरहून जाण्यात अर्थ नाही.

रोव्हानिएमीत प्रत्यक्ष भेट कशी होते? तिकीट लागते का?

सांताक्लॉज व्हिलेज गावापासून सुमारे ८ किलोमीटर उत्तरेला आहे आणि परिसरात फिरण्यासाठी प्रवेशमूल्य नाही. सांताच्या कार्यालयातील भेटही विनामूल्य असते. मात्र आत स्वतःचा कॅमेरा किंवा मोबाइल वापरू देत नाहीत. छायाचित्र आणि चित्रफीत तेथील कर्मचारी काढतात आणि ती हवी असल्यास विकत घ्यावी लागते. डिसेंबरमध्ये रांग लांबलचक असते, ती लाकडी बोळांतून आणि अंधाऱ्या जिन्यांवरून पुढे सरकते, आणि शेवटी दार उघडून आत बोलावले जाते तेव्हा भेट उरकते मिनिटभरात किंवा फार तर दोन-तीन मिनिटांत. एवढ्या लांबून आलेल्या पालकांना येथे चुटपूट लागते. घरी भडाभडा बोलणारे मूल त्या भल्याथोरल्या दाढीसमोर पुतळ्यासारखे उभे राहते, हेही गृहीत धरावे. म्हणून मुलाला काय सांगायचे आहे ते एका वाक्यात आधीच ठरवून द्यावे आणि मराठीतच बोलू द्यावे. भाषांतर आई-बाबांनी करावे. सांता अनेक भाषांतील अभिवादनाचे शब्द जाणतो, परंतु पुढचे संभाषण बहुधा इंग्रजीतच होते.

घाईगर्दी नको असेल तर लेवी किंवा सारिसेल्का अशा लॅपलँडमधील, म्हणजे फिनलंडच्या उत्तर भागातील, इतर ठिकाणी जंगलातील झोपडीत एकट्या कुटुंबासाठी सांताभेट ठरवून देणारे स्थानिक आयोजक असतात. त्यासाठी बरेच पैसे मोजावे लागतात, पण मूल बुजरे असेल तर ते सार्थकी लागतात. व्हिलेजजवळच सांतापार्क हे भूमिगत मनोरंजन उद्यान आहे. तेथे तिकीट लागते आणि ते मुख्यतः हिवाळी हंगामात उघडे असते.

भेटीपलीकडच्या दिवसात काय करायचे हा विचार अधिक महत्त्वाचा आहे. रेनडिअरची घसरगाडी, हस्की कुत्र्यांची गाडी, बर्फात घसरणे आणि ‘आर्क्टिकुम’ संग्रहालय एवढ्यावर तीन दिवस सहज भरतात. रानुआ येथील प्राणिसंग्रहालय सुमारे ८० किलोमीटरवर असून तेथे ध्रुवीय अस्वल पाहता येते. रात्रीच्या आकाशातील रंगीत ध्रुवीय प्रकाशाचे (नॉर्दर्न लाइट्स) मात्र वचन मुलांना देऊ नये, कारण त्यासाठी निरभ्र आकाश लागते आणि डिसेंबरमध्ये तेथे बहुधा ढग असतात.

तेथे डिसेंबरमध्ये दिवसच उगवत नाही, हे खरे आहे का?

रोव्हानिएमी आर्क्टिक वृत्ताच्या अगदी जवळ असल्यामुळे २१-२२ डिसेंबरच्या सुमारास सूर्य जेमतेम दोन तास क्षितिजावर असतो. त्याआधी आणि नंतर निळसर संधिप्रकाश मिळतो, त्यामुळे सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान बाहेरचे कार्यक्रम ठेवता येतात. फिनलंडची वेळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे आहे. मुले पहाटे उठून बसतात आणि दुपारी चारला बाहेर काळोख पाहून पेंगू लागतात. संध्याकाळी कोणताही महागडा कार्यक्रम ठेवू नये.

नागपूरच्या मुलांना ती थंडी सोसेल का?

नागपुरात पारा १० अंशांखाली उतरला की आपण शेकोट्या पेटवतो. रोव्हानिएमीत डिसेंबरमध्ये उणे १० नेहमीचे असते आणि उणे २५ ते ३० देखील होऊ शकते. तरीही कपडे नीट असतील तर मुले ती थंडी मोठ्यांपेक्षा मजेत काढतात. हिवाळ्यात आपल्याकडे भरणाऱ्या तिबेटी स्वेटरवाल्यांच्या बाजारातील कपडे मधल्या थराला उपयोगी पडतात, पण केवळ त्यांच्यावर भिस्त ठेवून चालणार नाही. अंगाला चिकटून लोकरीचा किंवा घाम शोषून बाहेर टाकणारा थर, त्यावर उबदार थर आणि सर्वांत वर वारा अडवणारा जाड पोशाख हवा. हा वरचा पोशाख आणि बूट तेथे भाड्याने मिळतात आणि कुत्र्यांच्या किंवा स्नोमोबाइलच्या सफरीत ते बहुधा आयोजकच पुरवतात, म्हणून नागपुरातून महागडी जाकिटे घेऊन जाण्याची गरज नाही.

थंडी बाधते ती मुख्यतः बसून राहिल्याने. घसरगाडीत बसलेले मूल हलत नाही, त्याचे पाय आधी गार पडतात आणि ते सांगत नाही. बूट एका मापाने मोठे घ्यावेत, म्हणजे आत बोटे हलवता येतात. हातात पाच बोटांच्या मोज्यांवर बिनबोटांचे जाड मोजे चढवावेत. चष्मा लावणाऱ्या मुलांच्या काचा उबदार खोलीत शिरताच पांढऱ्या होतात, त्यासाठी कोरडे कापड खिशात ठेवावे. मोबाइलची बॅटरी गारठ्यात पाहता पाहता उतरते. तो आतल्या खिशात, अंगालगत असावा. आत शिरल्यावर मात्र वरचे थर लगेच काढावेत, कारण इमारती चांगल्याच तापवलेल्या असतात आणि घामाने ओले झालेले मूल पुन्हा बाहेर गेले की कुडकुडते.

नागपूरहून कसे जावे आणि व्हिसाची तयारी केव्हा करावी?

फिनलंडसाठी शेंगेन, म्हणजे युरोपातील अनेक देशांत चालणारा सामाईक व्हिसा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान १५ दिवस आधी तो द्यावाच लागतो. नाताळाच्या गर्दीचा विचार करता सप्टेंबर-ऑक्टोबर ही योग्य वेळ आहे. शुल्क प्रौढांसाठी ९० युरो, ६ ते १२ वर्षांदरम्यानच्या मुलांसाठी ४५ युरो असून ६ वर्षांखालील मुलांना ते माफ आहे. अर्जकेंद्राचे सेवाशुल्क वेगळे. किमान ३०,००० युरोंचा प्रवासविमा आवश्यक असतो. परतीच्या तारखेनंतर पासपोर्टची मुदत तीन महिने तरी शिल्लक हवी. लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांसाठी मिळत असल्यामुळे तो नकळत संपलेला असतो. जूनमध्येच काढून पाहावा. एकच पालक मुलाला घेऊन जाणार असेल तर दुसऱ्याचे संमतिपत्र जोडावे.

मार्ग साधारणपणे मुंबई किंवा दिल्लीमार्गे, आणि मध्ये आणखी एक थांबा घेऊन हेलसिंकीपर्यंत असतो. डिसेंबरमध्ये नागपुरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन असल्यामुळे मुंबईच्या विमानांना त्या दिवसांत मोठी मागणी असते, म्हणून हा टप्पा शेवटी आरक्षित करण्याची चूक करू नये. हेलसिंकीहून रोव्हानिएमीला विमानाने दीड तासाच्या आत पोहोचता येते. आम्ही मात्र रात्रीची ‘सांताक्लॉज एक्स्प्रेस’ सुचवू. सुमारे बारा तासांच्या या प्रवासात झोपण्याचे स्वतंत्र डबे असतात आणि सकाळी डोळे उघडावेत तो खिडकीबाहेर बर्फाने वाकलेली झाडे दिसतात.

एक सावधगिरी: २४ डिसेंबरच्या दुपारपासून २५ च्या रात्रीपर्यंत फिनलंडमधील बहुतेक दुकाने आणि उपाहारगृहे बंद असतात. त्या दोन दिवसांचे जेवण हॉटेलातच ठरवून ठेवावे.

शाकाहारी कुटुंबाची जेवणाची सोय होते का?

होते, परंतु मर्यादित. लॅपलँडच्या खास पदार्थांत रेनडिअरचे मांस आणि सामन मासा यांचा भरणा आहे. ज्या प्राण्याच्या गाडीत सकाळी बसलो तोच ताटात आहे, हे कळल्यावर मुले गोंधळतात. त्याची कल्पना त्यांना आधी द्यावी. सूप, बटाट्याचे पदार्थ, पाव आणि पिझ्झा सर्वत्र मिळतात. स्वयंपाकघर असलेली झोपडी घेतल्यास मुगाची डाळ, तांदूळ आणि गोडा मसाला एवढ्यावर निभावते. युरोपीय संघात बाहेरून येताना सामानात मांस आणि दुग्धजन्य पदार्थ आणण्यास मनाई आहे, म्हणून तूप, पनीर आणि खवा घरीच ठेवावा. चिवडा आणि खाकरे खुशाल न्यावेत.

एवढा खर्च शक्य नाही. भारतात पर्याय आहेत का?

आहेत, आणि सहा वर्षांखालील मुलांसाठी आम्ही तेच आधी सुचवतो. रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते, त्यामुळे नाताळाच्या गाड्यांसाठी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी तयारीत बसावे लागते.

नागपूरकरांना सर्वांत सोयीचे म्हणजे कोलकाता. मुंबई-हावडा मेल आणि गीतांजली एक्स्प्रेस नागपूरवरूनच जातात. पार्क स्ट्रीटची रोषणाई, अॅलन पार्कमधील कार्यक्रम, सेंट पॉल्स कॅथेड्रल, बो बॅरॅक्सची जुनी अँग्लो-इंडियन वस्ती आणि न्यू मार्केटमधील १९०२ पासूनच्या नाहूम बेकरीसमोरची केकसाठीची रांग, या साऱ्यात नाताळ शहराचा सण म्हणून भेटतो. रस्तोरस्ती लाल डगल्यातले सांता हिंडत असतात. २५ च्या संध्याकाळी पार्क स्ट्रीटवर पाय ठेवायला जागा नसते. कडेवरचे मूल असेल तर २६ किंवा २७ तारखेला दुपारी जावे.

त्रिशूरचे ‘बॉन नताले’ हे महाराष्ट्रात फारसे परिचित नसलेले प्रकरण आहे. तेथील कॅथलिक महाधर्मप्रांताच्या पुढाकाराने सांताच्या वेशातील हजारो लोक शहरातून नाचत मिरवणूक काढतात. २७ डिसेंबर २०१४ रोजी १८,११२ सांता एकत्र आल्याची गिनेस विक्रमात नोंद झाली. एका सांतासाठी रांगेत उभे राहण्यापेक्षा हे दृश्य मुलांना अधिक आवडण्याची शक्यता आहे. केरळ एक्स्प्रेस नागपूरहून थेट त्रिशूरला जाते, प्रवास एका दिवसाहून अधिक आहे. तेथून पुढे फोर्ट कोचीला नववर्षासाठी जाणार असाल तर एक लक्षात ठेवावे: ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री तेथे ‘पप्पांजी’ नावाच्या म्हाताऱ्याचा भव्य पुतळा जाळतात. तो सरत्या वर्षाचे प्रतीक असतो, पण दिसतो सांतासारखा. चार दिवसांपूर्वी सांताशी हस्तांदोलन केलेल्या लहानग्याला तो सोहळा दाखवू नये.

गोव्यात सांता भेटतो तो मुख्यतः हॉटेलांच्या मेजवान्यांत. खरी मजा गावागावांतील आकाशकंदील, अंगणातील येशूजन्माच्या गोठ्यांचे देखावे आणि करंजीसारख्या नेवऱ्यांनी भरलेली ताटे यांत आहे. पण त्या आठवड्यातले हॉटेलांचे दर पाहून छातीत धस्स होते. पुरीच्या किनाऱ्यावर वालुकाशिल्पकार सुदर्शन पटनायक नाताळाला सांताचे भव्य शिल्प घडवतात, जगन्नाथाच्या दर्शनाला जाणारे आजी-आजोबा सोबत असतील तर दोन्ही साधते. गाडीने जाण्याजोगे ठिकाण हवे असेल तर पचमढी. १८७५ चे ख्राइस्ट चर्च आणि थंड हवा तेथे आहे, सांता मिळाला तर हॉटेलच्या कृपेनेच.

बर्फ आणि सांता दोन्ही भारतात मिळतील का?

शिमला आणि मनालीत नाताळाला बर्फ पडेलच असे नाही. अनेक वर्षे तो जानेवारीत पडतो. गुलमर्गला शक्यता बरीच अधिक असते. दुबईतील ‘स्की दुबई’मध्ये मॉलच्या आत कृत्रिम बर्फ आणि शून्याखालचे तापमान बारमाही असते आणि डिसेंबरमध्ये सांताही असतो. ही दुधाची तहान ताकावर भागवण्यातली गोष्ट झाली, तरी थोडक्या रजेत जाणाऱ्या कुटुंबासाठी ती वाईट नाही.

आम्ही ख्रिस्ती नाही. मध्यरात्रीच्या प्रार्थनेला मुलांना नेले तर चालते का?

बहुतेक चर्चमध्ये चालते. मागच्या बाकांवर शांत बसावे, छायाचित्रे काढू नयेत आणि प्रसादाच्या वेळी रांगेत उभे राहू नये, कारण कॅथलिक चर्चमध्ये तो दीक्षित कॅथलिकांसाठीच असतो. आधी सवय व्हावी असे वाटत असेल तर सदरमधील सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रल किंवा ऑल सेंट्स कॅथेड्रल नाताळाच्या दिवशी पाहून यावे. तीन-चार वर्षांच्या मुलासाठी एवढे आणि शहरातील मॉलचा सांता पुरेसा आहे.

सांताला पत्र पाठवता येते का?

येते. रोव्हानिएमीच्या सांताक्लॉज टपाल कार्यालयाचा पिनकोड ९६९३० असून तेथे जगभरातून पत्रे येतात. पाकिटावरचा पत्ता इंग्रजीत आणि आतला मजकूर मराठीत असला तरी हरकत नाही. टपालाला लागणारा वेळ पाहता ते ऑक्टोबरमध्येच टाकावे आणि उत्तर येईलच असे मुलाला सांगू नये. प्रत्यक्ष तेथे गेल्यास दोन पेट्या दिसतात: एकीतील टपाल लगेच निघते, दुसरीतील पुढच्या नाताळाला. आर्क्टिक वृत्ताचा शिक्का दोन्हींवर मिळतो.

मुलगी दहा वर्षांची आहे आणि ‘सांता वगैरे काही नसतो’ म्हणते. मग कुठे न्यावे?

तिला ज्याच्यावरून सांता घडला त्या माणसाच्या मागावर न्यावे. संत निकोलस हे चौथ्या शतकातील मायरा या नगराचे बिशप होते. हे नगर म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील अंताल्या प्रांतातले देमरे. तेथे त्यांच्या नावाचे प्राचीन चर्च पाहता येते. हुंड्याअभावी तीन मुलींची लग्ने अडलेल्या एका गरीब बापाच्या घरात त्यांनी रात्री गुपचूप सोन्याच्या थैल्या टाकल्या, ही त्यांच्याविषयीची सर्वांत प्रसिद्ध कथा आहे आणि ती आपल्याकडच्या दहा वर्षांच्या मुलीला समजावून सांगावी लागत नाही. १०८७ मध्ये इटलीतील बारी शहराच्या खलाशांनी मायरातून त्यांच्या अस्थी उचलून नेल्या आणि त्यांच्यासाठी बांधलेल्या बॅसिलिकात त्या आजही आहेत. बारीला रोमहून रेल्वेने चार-साडेचार तासांत जाता येते, व्हिसा शेंगेनचाच लागतो, आणि ही सहल २५ डिसेंबरनंतर केली तरी काही हुकत नाही.